गद्याच्या ओळी तोडल्या की कविता होते का?

वाचकाचं पत्र : मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. वडील यंत्रमागावर होते, आई घरी विड्या वळायची. घरात तेलुगू, शाळेत मराठी. आता मी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांना शिकवते. मी बारा वर्षांची असतानाचं एक वर्ष आजच्या मुलांना कवितांतून, पण सलग गोष्ट म्हणून सांगायचं आहे. ४६ कविता लिहून झाल्यात. शाळेतले एक सर म्हणाले, ‘हे गद्यच आहे, नुसत्या ओळी तोडल्यात.’ दुसऱ्या बाई म्हणाल्या, ‘मुलांसाठी आहे ना, मग यमक हवं.’ शिवाय याला आठवणी म्हणावं की कादंबरी, तेही ठरत नाही. सोबत सहा कविता पाठवते आहे. पुढे कसं जाऊ?

उत्तर :

नमस्कार ताई,

तुमचे सर निम्मे बरोबर आहेत. तुम्ही पाठवलेल्या सहा कविता आम्ही सलग परिच्छेदासारख्या उतरवून पाहिल्या. तिघींचं काहीच बिघडलं नाही. उलट वाचायला सोप्या झाल्या. उरलेल्या तीन मात्र परिच्छेदात घातल्याबरोबर मोडल्या. ही परीक्षा तुम्ही ४६च्या ४६ कवितांना लावा. जी कविता परिच्छेदात सुखाने राहते ती एकतर अजून झालेली नाही, नाहीतर ती गद्यच आहे. अशी दोन-चार पानं पुस्तकात गद्य म्हणून राहिली तरी काही बिघडत नाही.

ओळ तोडल्यावर काहीतरी घडायला हवं, एवढंच पाहायचं. तुमच्याच एका कवितेतला मजकूर घेऊ. रात्री वीज जाते, माग थांबतात, मुलगी जागी होते. तुमच्या ओळी अशा आहेत (नान्ना म्हणजे वडील) :

रात्री लाइट गेली आणि
माग बंद पडले त्यामुळे
आवाज थांबला व मला जाग
आली तेव्हा नान्ना बसले होते

इथे ओळ कागदाची रुंदी संपली म्हणून तुटल्यासारखी वाटते. ‘आणि’, ‘त्यामुळे’, ‘व’ हे गद्यातले सांधे आहेत. कारण काय आणि परिणाम काय, हे ते वाचकाला हाताला धरून दाखवतात. ते काढून पाहा :

लाइट गेली.
सगळे माग एकदम गप्प.

त्या शांततेनं
मला जाग आली.

नान्ना अंधारात
बोटांवर मोजत होते,
किती नग
राहिले.

‘त्यामुळे’ गेलं आणि त्याचं काम मधली कोरी ओळ करू लागली. आवाजाने जाग येणं नेहमीचं. मागाच्या घरात शांततेनं जाग येते, हे मुलाला त्या कोऱ्या ओळीत स्वतःला सापडतं. ‘किती नग’ नंतर ओळ थांबते तेवढ्यात वाचक ‘झाले’ असं मनात म्हणतो, आणि खाली ‘राहिले’ येतं. घराची सगळी तंगी त्या एका तोडण्यात आली. तुमच्या मूळ कवितेत यानंतर ‘गरिबी काय असते ते मला त्या रात्री कळलं’ अशी ओळ आहे. ती काढा. बारा वर्षांच्या मुलीला ते तसं कळत नाही, आणि वाचणाऱ्या मुलाला आधीच कळलेलं असतं.

मराठीत ओळ तोडताना एक अडचण असते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. प्रत्येक ओळ वाक्यापाशी तोडली की ओळींच्या शेवटी होतं, होते, आलं, गेलं यांची रांग लागते आणि नको असलेलं यमक तयार होतं. प्रत्येक कवितेच्या फक्त शेवटच्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. पाचात तीन ‘होतं’ निघाले तर दोन जागी ‘होतं’ गाळून चालतं का ते बघा, बहुधा चालतं. ‘नान्ना अंधारात बसलेले’ हे ‘बसलेले होते’पेक्षा जवळचं वाटतं. क्रियापद ओढून पुढे आणायचा मोहही सांभाळा. ‘बसले होते नान्ना अंधारात’ असं दर कवितेत यायला लागलं की मुलगी बोलत नाही, कवी बोलतो.

आता यमक. त्या बाईंचा मुद्दा पाठांतराचा आहे, आणि पाठ करायच्या एका कवितेसाठी तो खरा आहे. पण १३० पानांची गोष्ट कोणी पाठ करत नाही. मराठीत यमक जुळवणं फार स्वस्त आहे : आला, गेला, झाला, घरी, दारी, वरी. दहा पानांनंतर मुलाला पुढचा शब्द आधीच कळतो आणि गोष्टीतलं लक्ष उडतं. यमकासाठी प्रसंग वाकवावा लागतो, हा दुसरा तोटा. म्हणून कणा मुक्तछंदाचा ठेवा आणि बांधलेली रचना राखून वापरा : रथाच्या मिरवणुकीत, मुलींच्या खेळात, शाळेतल्या प्रार्थनेच्या विडंबनात. पूर्ण पुस्तकात सहा-सात जागा पुरे. तिथे ती खुलते, कारण आजूबाजूला नसते.

यातच एक सूचना. तुमच्या चौथ्या कवितेत आजी मराठी ओवी गाते. घर तेलुगू, आजी आयुष्यभर तेलुगूत बोललेली. तिच्या तोंडी मराठी ओवी आली की सोलापुरात वाढलेला वाचक लगेच थबकेल. ओवी हवीच असेल तर शेजारच्या मराठी काकूंना द्या. आजीचं गाणं मुलीला अर्धंच समजतं, तर अर्धंच लिहा.

बांधलेल्या रचनेपेक्षा जास्त उपयोगाची गोष्ट तुमच्या घरात होती आणि तिचा तुम्ही एकदाही वापर केलेला नाही : कामाची लय. मागाची खटखट सगळेच लिहितात. विडीचं काम बघा. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा, आणि असं हजारदा. हा क्रम कवितेत ठेवून मधे बोलणं घातलं तर :

पान कापायचं,
तंबाखू, वळायचं,
दोरा.

अम्मा, सहलीचे पैसे –
पान कापायचं,
उद्या शेवटचा दिवस –
तंबाखू, वळायचं,
बाई म्हणाल्या –
दोरा.

आईने उत्तर दिलंच नाही, आणि ते ‘आई काही बोलली नाही’ असं न सांगता कळलं. हेच गद्यात लिहायला गेलात तर अर्धं पान लागेल आणि परिणाम पातळ होईल. तुमच्या सरांना दाखवायला हे एक पान पुरे.

भाषांचं म्हणाल, तर तेलुगू शब्द बिनधास्त ठेवा, पण खाली अर्थ देऊ नका. मुलाची नजर पानाच्या तळाशी जाऊन परत येते तोवर कविता गेलेली असते. अर्थ कृतीत ठेवा. ‘तिन्नावा?’ असं अम्मा विचारते आणि पुढच्याच ओळीत ताट पुढे सरकवते, समजलं. एका कवितेत दोनपेक्षा जास्त नवे शब्द नकोत, आणि जो शब्द महत्त्वाचा आहे तो पहिल्या तीस पानांत तीनदा तरी आला पाहिजे. चौथ्यांदा तो वाचणाऱ्याचाच झालेला असतो. शाळेत बोलताना मुलगी एक भाषा गिळते आणि घरी दुसरी, हा तर तुमच्या गोष्टीचा गाभाच दिसतो. शाळेतल्या कवितांच्या ओळी आखूड आणि घरातल्या लांब ठेवून पाहा. डोळ्यांनाच फरक दिसेल.

आता गोष्टीकडे. अशा पुस्तकात बहुतेक घसरतात ते इथेच. सुटी कविता चांगली असणं आणि गोष्ट पुढे सरकणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या ४६ कवितांचा एक तक्ता करा. मोठा ड्रॉइंग पेपर घ्या, प्रत्येक कवितेला एक ओळ आणि चार रकाने : कुठे, कोण, कोणती वस्तू हातात, आणि या कवितेनंतर काय बदललं. चौथा रकाना सलग तीनदा रिकामा राहिला, तर गोष्ट तिथे बसली आहे. तीनातली एक ठेवा, सर्वांत चांगली नसली तरी चालेल, पुढच्या कवितेला धक्का देणारी ठेवा. ज्या सुंदर कविता सुटतील त्या वेगळ्या फाइलमध्ये जातील. त्यांचा नंतर संग्रह करा.

नऊ ते चौदा वयाच्या वाचकासाठी एका वर्षाची गोष्ट असेल तर ८० ते १०० कविता आणि बारा ते पंधरा हजार शब्द हा अंदाज धरा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांचे शब्दांचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. म्हणजे तुमचं काम निम्म्यावर आलं आहे.

दर चार-पाच कवितांनी वाचकाला कुठे आहोत, कधी आहोत, कोण बोलतंय हे कळायला हवं. ते कवितेच्या आत कोंबू नका. शीर्षकं कामाला लावा. तुमची शीर्षकं ‘वेदना’, ‘आशा’, ‘अंधार’ अशी आहेत. त्यांनी काहीच कळत नाही. ‘सहावी ब, तिसरा बाक’ किंवा ‘गड्ड्याच्या आदल्या रात्री’ असं शीर्षक दिलंत की स्थळ-काळ तिथेच उरकतो आणि कविता पहिल्या ओळीपासून मोकळी होते. तारखांऐवजी शहराचं कॅलेंडर वापरा. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजेच गड्डा, नंदीध्वज आणि पांढऱ्या बाराबंद्या. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ. मधे वार्षिक परीक्षा आणि उन्हाळा. वर्षाचे चार भाग आपोआप पडतात. थान्हा लाय यांच्या ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’मध्ये (२०११) १९७५ साली सायगाव सोडून अमेरिकेत गेलेली दहा वर्षांची मुलगी बोलते, आणि कवितांच्या शेवटी दिवसाची नोंद असते. सांधा जोडणारी एकही ओळ न लिहिता काळ पुढे जातो. शीर्षकाने, सणाने किंवा तारखेने, कशानेही करा. पण आतून ‘दोन महिन्यांनी’ असं म्हणायची वेळ येऊ देऊ नका.

इंग्रजीत कवितांतून सलग गोष्ट सांगायचा हा प्रकार गेल्या तीसेक वर्षांत मुलांसाठी चांगलाच रुजला. कॅरन हेस यांच्या ‘आउट ऑफ द डस्ट’ (१९९७) या कादंबरीला १९९८चं न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार, मिळालं. १९३०च्या दशकातली ओक्लाहोमाची धुळीची वादळं, आणि सगळी गोष्ट एका मुलीच्या मुक्तछंदात. तुम्हाला अधिक उपयोगाचं आहे ते जॅकलिन वुडसन यांचं ‘ब्राउन गर्ल ड्रीमिंग’ (२०१४), कारण ते आत्मकथन आहे. त्यात ‘कसं ऐकावं’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या अगदी छोट्या कविता ठरावीक अंतराने परत परत येतात. ही युक्ती शिकण्यासारखी आहे. तुमच्याकडे ‘आजचा हिशेब’ अशी तीन ओळींची कविता दहा-पंधरा पानांनी येऊ शकते : किती विड्या, किती नग, किती उसने. एकही भावना न लिहिता घराचं वर्ष वरखाली होताना दिसेल.

पण हे सगळं परकं समजू नका. सांगोल्याजवळच्या नाझऱ्याचे कवी श्रीधर यांनी तीनशे वर्षांपूर्वी ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ ओवीत लिहिले आणि घरोघरी ते गोष्ट म्हणून ऐकले गेले. सुट्या भावगीतांतून एक कथा गुंफायचा प्रयोग कवी यशवंतांनी ‘जयमंगला’त १९३१ साली केला, आणि पुढच्याच वर्षी ‘बंदीशाळा’त त्यांनी बालगुन्हेगारांचं जग खंडकाव्यात आणलं. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ठिकाणी खंडकाव्यांच्या कपाटाची चौकशी करा. भाषा आज जड वाटेल. कविता संपते कुठे आणि पुढची सुरू होते कुठे, एवढंच पाहायला वाचा.

आठवणी की कादंबरी, याचं उत्तर तुमच्या एका वाक्यात दडलं आहे. कवितांसोबत तुम्ही लिहिलंय की शेवटची भावाची घटना ‘प्रत्यक्षात दोन वर्षांनी घडली, पण इथे बसवली’. तसं असेल तर ही कादंबरी आहे आणि तसं म्हणायला कमीपणा नाही. आठवणी म्हणायचं असेल तर घटना जिथे होती तिथे परत ठेवावी लागेल. संवाद शब्दशः आठवत नसणं दोन्हींत चालतं. न घडलेली गोष्ट घडवणं आठवणींत चालत नाही. आमचा कौल कादंबरीकडे आहे, कारण त्या भावाच्या कवितेत त्याचं जे गुपित उघड होतं ते त्याच्या आजच्या ओळखीच्या लोकांना कळेल. कादंबरी म्हटलीत तरी ती कविता त्याला आधी वाचायला द्या. नाव बदललं म्हणजे माणूस ओळखू येत नाही, असं पूर्व भागात तरी होत नाही.

इतिहासाचं एक पान फार जड झालं आहे. मे १९३०चा सोलापुरातला मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे, गिरण्या, संप, सगळं एकाच कवितेत. मुलीला त्यातलं काय माहीत असेल? १२ जानेवारीला शाळेत रांगेत उभं राहणं, उन्हात डोकं तापणं, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही चार नावं एका दमात म्हणायची शर्यत. तेवढंच लिहा. बाकी माहिती पुस्तकाच्या शेवटी दीड पान साध्या गद्यात द्या. ज्याला हवी तो मुलगा वाचतोच.

वर्गाचा उपयोग करा, पण लिहिणाऱ्याचं नाव सांगू नका. बाईंनी लिहिलंय म्हटलं की सगळ्यांना आवडतं. ऑफ तासाला पहिल्या दहा कविता ओळीने वाचा, बारा-तेरा मिनिटं लागतील. नंतर ‘आवडलं का’ विचारू नका. ‘काय काय झालं ते सांगा’ असं विचारा. दहापैकी सात मुलांनी एखादी महत्त्वाची घटनाच सांगितली नाही, तर ती कवितेत नाहीये, तुमच्या डोक्यात आहे. दुसऱ्या दिवशी एका मुलाला न वाचलेली कविता थेट मोठ्याने वाचायला द्या आणि तुमच्या प्रतीवर तो जिथे अडखळतो तिथे खूण करा. तीन मुलं एकाच जागी अडली तर ओळ चुकीच्या जागी तुटली आहे. तो दोष मुलांच्या वाचनाचा नाही.

टायपिंगची काळजी आताच घ्या, नंतर फार छळते. कडव्याच्या आतली ओळ शिफ्ट-एंटरने तोडा आणि कडवं संपल्यावर साधं एंटर द्या. डीटीपीवाला युनिकोडचा मजकूर जुन्या फाँटमध्ये नेतो तेव्हा काही वेळा ओळी एकमेकींना चिकटतात, म्हणून सोबत पीडीएफ द्याच, म्हणजे ताडून पाहता येईल. ‘दोन्ही बाजू सरळ’ हा पर्याय बंद ठेवायला सांगा, नाहीतर तीन शब्दांची ओळ पानभर ताणली जाईल. डेमी आकारात, मुलांसाठी १४ पॉइंटचा टाइप धरला तर सात-आठ शब्दांपेक्षा लांब ओळ पुढच्या ओळीत सांडते आणि ती नवीन ओळच वाटते. अशी सांडलेली ओळ थोडी आत सरकवायची, हे प्रुफात प्रत्येक पानावर तपासा. प्रत्येक कविता नव्या पानावर हवी असेल तर त्याचा खर्च येतो. छपाई १६ पानांच्या फर्म्यात होते. १२८ पानं म्हणजे आठ फर्मे, आणि दोन पानं वाढली तरी हिशेब नवव्या फर्म्याकडे जातो. तीन-चार ओळींच्या कविता जोडीने एका पानावर बसवायची तयारी ठेवा.

प्रकाशकाला पाठवताना निवडक कविता पाठवू नका. निवडक म्हटलं की त्यांच्या लेखी तो कवितासंग्रह होतो आणि ‘संग्रह खपत नाहीत’ हे उत्तर येतं. पहिल्या पंधरा कविता, एकही न गाळता, सोबत दोन पानांत शेवटासह पूर्ण कथानक, एकूण कविता किती आणि वाचकाचं वय कोणतं. वर ठळक ‘कवितांतून कादंबरी’.

बाकी किरकोळ : तीन टिंबांचा वापर थांबवा. सहा कवितांत ती एकोणतीस वेळा आली आहेत. जिथे थांबायचं तिथे ओळ थांबतेच, टिंबं तिला पांगळी करतात. आणि ‘कांडी’ ही कविता. सहापैकी सगळ्यात चांगली. मुलगी कांडी भरताना सूत तुटतं, ती गाठ मारते आणि गाठ नान्नांना दिसू नये म्हणून आत लपवते. तिथेच संपवा. खालच्या चार ओळींत ती गाठ आयुष्याची झाली आहे. त्या चार ओळी काढा आणि दहा-बारा कवितांनंतर तीच गाठ कापडात वर आलेली नान्नांना सापडू द्या.